१९८२चा गिरणी संप आणि दूरदर्शनच्या सातच्या बातम्या: चित्रं कुठे नि कशी शोधायची?

वाचनालय_डिलाईलरोड

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात गिरणी संपावर छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलं आहे. वर्तमानपत्रांची कात्रणं आणि सभांची हस्तपत्रकं पुरेशी जमली आहेत. मुंबई दूरदर्शनवर तेव्हा संध्याकाळी सातला मराठी बातम्या लागायच्या, त्यांतली चित्रं मात्र कुठेच मिळत नाहीत. म्हणून विचारते:

१) १९८२च्या सुमाराला वरळीच्या केंद्रात बातमीपत्र प्रत्यक्षात कसं तयार व्हायचं? ते टेपवर मुद्रित करून ठेवत होते का?

२) एका सभासदाच्या घरून तीन जाडजूड यू-मॅटिक (जुन्या प्रकारच्या व्हिडिओ) कॅसेट आणि १६ मिमी फिल्मचा एक छोटा डबा आला आहे. कॅसेटवर फक्त 'मोर्चा' एवढंच लिहिलं आहे. डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. यांचं काय करावं?

३) एका फलकावर 'तेव्हा आणि आता' दाखवायचं आहे. आज मुंबईतल्या मोर्च्याची बातमी वाहिनीवर कशी पोचते, हे कुणी नेमकं सांगेल का?

रीळवाला

ताई, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यावर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे. त्या काळचं बातमीपत्र सलग स्वरूपात बहुधा कुठेच साठवलेलं नाही. ते सातला थेट जायचं आणि संपायचं. व्हिडिओ टेप आयात केलेली आणि महाग, त्यामुळे तीच तीच पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती आणि रोजच्या बातम्यांना टेप क्वचितच मिळायची. मागे उरले ते सुटे भाग: कापलेली मूक फिल्म, निवेदनाचे कागद आणि कॅमेरामनचं टिपण. हे तिन्ही वेगवेगळ्या कपाटांत गेले. तेव्हा 'बातमीपत्र' मागू नका, हे तीन भाग वेगवेगळे मागा.

फलकासाठी थोडा इतिहास. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला वरळीत सुरू झालं. दिल्लीत १९५९पासून दूरचित्रवाणी होती, त्यानंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. १ एप्रिल १९७६ला दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी झाली आणि 'दूरदर्शन' हे स्वतंत्र खातं झालं. मराठी बातम्यांचे पहिले वृत्तनिवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे. सुरुवातीच्या वर्षांत भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांनीही इथे बातम्या वाचल्या. प्रदीप भिडे १९७४मध्ये आले आणि त्यांचा आवाज पुढे कित्येक दशकं सातच्या बातम्यांशी जोडलेला राहिला.

आता दिवसाचं काम. सकाळी मंत्रालयातले कार्यक्रम, पत्रकार परिषदा, सभा यांची यादी हातात यायची आणि त्यावरून कॅमेरा कुठे पाठवायचा ते ठरायचं. कॅमेरे मोजके, म्हणून ही यादी निर्णायक. बातमीचा मजकूर पीटीआय आणि यूएनआय या वृत्तसंस्थांच्या टेलिप्रिंटरवर इंग्रजीत यायचा. उपसंपादक त्याचं मराठी करायचे आणि एका बातमीला एक कागद, मोठ्या अक्षरात, अशी संहिता बनायची. जुने कागद चाळताना एक खूण लक्षात ठेवा. बातमीखाली 'समाचार' असं वृत्तसंस्थेचं नाव दिसलं, तर तो कागद १९७६ ते १९७८मधला. आणीबाणीत पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था केली होती. १९७८मध्ये ती पुन्हा सुटी झाली. संपाच्या कागदांवर हे नाव येणार नाही.

चित्रीकरण १६ मिमी रिव्हर्सल फिल्मवर. रिव्हर्सल म्हणजे कॅमेऱ्यातली फिल्म धुतली की थेट पॉझिटिव्ह. निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याचा वेळ वाचतो. याची दुसरी बाजू अशी की जी फिल्म प्रक्षेपित झाली तीच मूळ आणि एकमेव प्रत. कापताना फेकलेला तुकडा कायमचा गेला. छोट्या कॅमेऱ्यात १०० फुटांचं रीळ बसायचं. १६ मिमीत फुटाला ४० चौकटी. सेकंदाला २५ चौकटींच्या वेगाने हे रीळ २ मिनिटं ४० सेकंदांत संपतं. त्यामुळे कॅमेरामन पाच-सहा सेकंदांचे शॉट घ्यायचा: गर्दीचा दुरून एक, फलकांचा एक, वक्त्याचा एक, ऐकणाऱ्या चेहऱ्यांचे दोन-तीन. धुणं, वाळवणं, जोडणं यांत दीड-दोन तास सहज जायचे. पाचनंतर सुरू झालेल्या सभेचं चित्र त्याच दिवशी सातला दिसणं म्हणूनच अवघड. ते दुसऱ्या दिवशीच्या तारखेखाली शोधा.

फिल्म बहुतेक मूक असायची. स्टुडिओत निवेदक समोरच्या मॉनिटरवर चित्र बघत त्यावर थेट वाचायचा. टेलिसिने यंत्राला (फिल्मचं टीव्हीच्या चित्रात रूपांतर करणाऱ्या यंत्राला) वेग धरायला काही सेकंद लागतात, म्हणून चित्र सुरू होण्याआधीच्या वाक्यात खूण केलेली असायची. मराठी बातमी साधारण सेकंदाला दोन शब्दांच्या गतीने वाचली जाते. सहा सेकंदांचा धावता आरंभ हवा असेल, तर परिच्छेदाच्या शेवटून बाराव्या शब्दावर रेघ. जुन्या संहितेत अशी रेघ दिसली, की त्या बातमीला फिल्म होती असं समजा. ज्या कागदावर रेघच नाही, त्याची फिल्म शोधण्यात वेळ घालवू नका.

आवाजासकट फिल्म असेल, तर तिच्या कडेला चुंबकीय पट्टी असते. या पट्टीवर आवाज त्याच्या चित्राच्या २८ चौकटी पुढे असतो, म्हणजे एका सेकंदाहून थोडा जास्त. चित्रावर नेमकं कापलं तर भाषणाचा पहिला शब्द जातो. आवाजावर कापलं तर वक्ता आधी सेकंदभर नुसते ओठ हलवतो. जुन्या बातम्यांत भाषणाआधी मुंडी हलवणारे, टाळ्या वाजवणारे श्रोते दिसतात, ते बऱ्याचदा हा सेकंद झाकायला टाकलेले असतात.

तिसरा भाग कॅमेरामनचं टिपण, ज्याला डोप शीट म्हणतात: रीळ क्रमांक, तारीख, ठिकाण, शॉटचा क्रम, व्यासपीठावरची नावं डावीकडून उजवीकडे. फिल्मच्या डब्यावर बहुतेकदा फक्त क्रमांक असतो. डोप शीट हरवली तर डब्यात कुठल्या गिरणीचं फाटक आहे, हे ओळखायला त्या भागातलं जुनं माणूसच लागतं.

पेडररोड

रीळवाला यांनी पद्धत नीट मांडली आहे. शोधाच्या पत्त्यांबद्दल भर घालतो, कारण इथे बरेच अभ्यासक वाट चुकतात.

पहिली गोष्ट, ३५ मिमीवरचा, घनगंभीर निवेदन आणि संगीत असलेला वृत्तपट सापडला तर तो दूरदर्शनचा नाही. तो फिल्म्स डिव्हिजन या सरकारी विभागाचा, थिएटरात सिनेमाआधी दाखवायचा. फिल्म्स डिव्हिजन २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. त्या चित्रांसाठी तिकडे अर्ज करा. दूरदर्शनच्या चित्रांसाठी ते चालवणाऱ्या प्रसार भारतीकडे.

दुसरी गोष्ट, 'संप' या एका शब्दावर थांबू नका. दूरदर्शन सरकारी माध्यम होतं आणि कॅमेरा मुख्यतः सरकारी कार्यक्रमांच्या यादीमागे जायचा. संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्याच आठवड्यात अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले, फेब्रुवारी १९८३मध्ये वसंतदादा पाटील आले. त्यांच्या बैठका, कामगारमंत्र्यांची निवेदनं, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, गिरणीमालक संघटना, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, अशा प्रत्येक नावाखाली शोधा. जुन्या नोंदी इंग्रजीत आहेत, त्यामुळे शहराचं नाव 'बॉम्बे' असंच टाका. 'मुंबई' हे अधिकृत नाव १९९५चं.

तिसरा पत्ता परदेशी वृत्तसंस्थांचा. व्हिसन्यूजचा जुना संग्रह आता रॉयटर्सच्या नावाखाली आहे आणि त्यातल्या अनेक फिल्मची शॉटवार यादी ऑनलाइन वाचता येते. तुमच्याकडच्या कात्रणांतल्या तारखा हाताशी ठेवून ती यादी बघा.

अर्जात तारीख किंवा तारखांचा टप्पा, विषय, किती सेकंद हवे, प्रदर्शन कुठे, किती दिवस, तिकीट आहे की नाही आणि चित्र इंटरनेटवर टाकणार का, हे सगळं स्पष्ट लिहा. शुल्क वापराच्या प्रकारावर ठरतं, म्हणून 'शैक्षणिक, विनातिकीट, फक्त सभागृहात' हे शब्द महत्त्वाचे. साहित्य अस्तित्वात आहे का एवढंच हवं असेल, तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात नोंदवहीतल्या नोंदी मागता येतात. '१९८२ ते १९८३ या काळातील गिरणी संपाशी संबंधित फिल्म व टेप यांच्या नोंदींची प्रत' असं मागा. 'माहिती द्यावी' अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर येतं.

हक्कांचं म्हणाल, तर चित्रफितीचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९८२चं चित्र २०४२ संपेपर्यंत संरक्षित आहे. प्रक्षेपणाचा वेगळा हक्क २५ वर्षांचा असतो. तो संपला म्हणून घरी टेप केलेली बातमी खुली होत नाही, आतल्या चित्राचा हक्क शिल्लकच असतो. परवानगी घ्याच.

चुंबकीय_फीत

कॅसेट आणि डब्याबद्दल सांगतो. कृपया काहीही यंत्रात घालू नका, आधी हे वाचा.

*यू-मॅटिक.* कॅसेटच्या खालच्या बाजूला लाल प्लॅस्टिकचं छोटं बटण असतं. ते जागेवर असेल तर टेपवर नवं मुद्रण होऊ शकतं. काढून ठेवा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. मग झाकण उचलून टेपची कड बघा. पांढरट ठिपके किंवा जाळी म्हणजे बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यात लॉफ्टवर राहिलेल्या कॅसेटना ती धरतेच. अशी कॅसेट यंत्रात घातली तर टेप वाचणारं हेड तर भरतंच, वर पुढच्या निरोगी कॅसेटलाही लागण होते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून सफाई करणाऱ्याकडेच द्या.

बुरशी नसेल तर वाजवायच्या खोलीत २४ तास ठेवा. नंतर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षांचा असमान ताण निघतो. गुंडाळताना किंचाळल्यासारखा आवाज आला किंवा यंत्र अडखळलं तर ताबडतोब थांबा. टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा बाइंडर ओलावा शोषून चिकट झालेला असतो. प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये ५० अंशांच्या थोडं वर, आठ तास किंवा जास्त भाजून तो तात्पुरता कोरडा करतात आणि लगेच प्रत काढतात. घरच्या ओव्हनचं तापमान इतकं वरखाली होतं की टेप वाकडी होते; तो मार्ग नको.

चित्र आलं पण रंग नाही किंवा रंग विचित्र, असं झालं तर टेप खराब ठरवू नका. यू-मॅटिकमध्ये लो-बँड आणि हाय-बँड असे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे रंगसंकेत वेगळ्या वारंवारितेवर असतात. हाय-बँड टेप लो-बँड यंत्रावर कृष्णधवल दिसते. यंत्र बदलून बघा. शिवाय रंगीत प्रक्षेपणच आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८२पासून, त्यामुळे संपाच्या पहिल्या महिन्यांतलं चित्र मुळात कृष्णधवल असणं स्वाभाविक आहे.

प्रत काढताना मध्ये टाइम बेस करेक्टर (टेपचा डळमळीत सिग्नल स्थिर करणारं यंत्र) हवाच. नाहीतर चित्राचा वरचा भाग वाकतो आणि संगणक चौकटी गाळतो. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, इंटरलेस्ड जसं आहे तसं, १० बिट. असंपीडित फाइल तासाला सुमारे १०० जीबी होते. एफएफव्ही-वन या फाइलप्रकारात काहीही न गमावता बरीच कमी. दुकानदार 'एमपी-फोर करून देतो' म्हणेल. ती दाखवायची प्रत म्हणून घ्या, पण मूळ फाइलही मागा.

*फिल्मचा डबा.* व्हिनेगरचा वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेट प्लॅस्टिकचा पाया विघटित होऊन ॲसेटिक आम्ल सुटतं आहे. हे आम्लच पुढचं विघटन वाढवतं, म्हणून हवाबंद पिशवीत ठेवणं हा सर्वांत वाईट उपाय. बाकी फिल्म आणि छायाचित्रांपासून दूर, हवा खेळणाऱ्या डब्यात, शक्य तितक्या थंड आणि कोरड्या जागी ठेवा. वातानुकूलित खोलीतलं कपाट चालेल. प्रदर्शनाच्या दिव्यांखालचं काचेचं कपाट नाही.

आकुंचन मोजून घ्या. फिल्म सपाट पट्टीवर ठेवा, १०० छिद्रांचं अंतर मोजा. नवी असताना ते ७६२ मिलिमीटर भरतं, काही कॅमेरा फिल्ममध्ये दीडेक मिलिमीटर कमी. ७५५च्या खाली आलं असेल तर सुमारे एक टक्का आकसली. प्रोजेक्टरचे दाते छिद्रं फाडतील. अशी फिल्म दाते नसलेल्या स्कॅनरवरच द्यायची. सुती हातमोजे घाला, फक्त कडांना धरा, आणि जोड सुटले असतील तर घरगुती चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद चित्रावर उतरतो.

टॉकबॅक

तिसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा.

समजा आझाद मैदानात दुपारी मोर्चा आहे. असाइनमेंट डेस्क रिपोर्टर आणि कॅमेरामन पाठवतो. पाठीवरच्या बॅगेत चार ते आठ सिमकार्डं असतात. बॅग चित्राचे तुकडे करून ते सगळ्या सिमवरून एकाच वेळी पाठवते आणि न्यूजरूममधला सर्व्हर ते पुन्हा जोडतो. चांगल्या चित्राला साधारण ५ ते ८ मेगाबिट लागतात.

बिघडतं ते गर्दीत. हजारो लोक त्याच टॉवरवर मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करत असले, की वर जाणारा मार्ग भरतो आणि सगळीच सिम एकदम मंदावतात. विसर्जनाच्या दिवशी लालबागला हे ठरलेलं. उपाय असे: सिम वेगवेगळ्या कंपन्यांची असावीत, बिटरेट २-३ मेगाबिटवर आणावा, विलंब एका सेकंदावरून पाचेक सेकंदांवर न्यावा म्हणजे बॅगेला हरवलेले तुकडे पुन्हा पाठवायला वेळ मिळतो. जवळच्या दुकानातून किंवा कार्यालयातून केबलचं इंटरनेट मिळालं तर सगळ्यांत उत्तम. ओबी व्हॅन (उपग्रहावर थेट चित्र पाठवणारी गाडी) असेल तर टॉवरची चिंता नाही, पण तिचा केयू बँडचा सिग्नल मुसळधार पावसात विरतो. मुंबईत नेमकी बातमी तेव्हाच असते.

दुसरी नेहमीची अडचण कानातली. रिपोर्टरला स्टुडिओचा आवाज ऐकवताना त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वजा करावा लागतो, याला मिक्स-मायनस म्हणतात. ते चुकलं की त्याला स्वतःचंच बोलणं उशिरा परत ऐकू येतं आणि तो अडखळतो. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर आहे. वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो. बॅगेवर हा उशीर सेकंदांत असतो. म्हणून अँकरने प्रश्न एकदाच, थोडक्यात विचारायचा आणि थांबायचं.

चित्र सर्व्हरवर उतरलं की त्याला स्लग (क्लिपचं छोटं नाव) मिळतो, आउटपुट डेस्क बातमी लिहितो, एडिटर बाइट (बोलण्याचा तुकडा) कापतो, रनडाऊनमध्ये (बातम्यांच्या क्रमात) जागा ठरते, पीसीआर म्हणजे नियंत्रण कक्षातून अँकरसह प्रक्षेपण होतं. सातची वाट बघायची नसते, पंधरा मिनिटांत पडद्यावर. जुनं दृश्य वापरलं तर वर 'फाइल' लिहिणं आवश्यक. ते सुटलं की गेल्या वर्षीची दगडफेक आजची ठरते. २६/११च्या प्रक्षेपणानंतर आणखी एक बंधन आलं: केबल दूरचित्रवाणी नियमांतल्या २०१५च्या दुरुस्तीनुसार दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचं थेट चित्र दाखवता येत नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच द्यायची.

साठवणुकीचं ऐका, तुमच्या फलकाला उपयोगी पडेल. ५० मेगाबिटने चित्रित केलेला एक तास २२.५ जीबी होतो. इतक्या कॅमेऱ्यांचं सगळं कुणीच ठेवत नाही. निवडक आणि प्रक्षेपित भाग राहतो, कच्चं चित्र काही काळाने पुसलं जातं. टेप पुसायचे तसंच. आणि 'मोर्चा_१' एवढाच स्लग दिलेली क्लिप राहूनही सापडत नाही. तारीख, ठिकाण, संघटना, माणसांची नावं स्लगमध्ये गेलीच पाहिजेत.

वाचनालय_डिलाईलरोड

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही कॅसेटची लाल बटणं काढून ठेवली, एकीवर बुरशी आहे. फिल्म मोजली, १०० छिद्रांना ७५८ मिमी भरली. कडेवर कोडॅकचं नाव आणि शेजारी दोन छोट्या आकृत्या छापल्या आहेत. छिद्रं एकाच बाजूला आहेत. यावरून काही कळतं का?

रीळवाला

बरंच कळतं. त्या आकृत्या फिल्म कारखान्यात तयार झाल्याचं वर्ष सांगतात. कोडॅकचे तक्ते उपलब्ध आहेत, पण त्या काळात हाच क्रम २० वर्षांनी पुन्हा यायचा, म्हणून १९६१ की १९८१ हे चित्रातल्या गाड्या आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून ठरवा. चित्रीकरण त्या वर्षाच्या आधीचं नाही, एवढंच नक्की.

७५८ म्हणजे अर्धा टक्का. स्कॅनिंगला अजून वेळ गेलेली नाही. छिद्रं एकाच बाजूला असली तर दुसऱ्या कडेला आवाजाची जागा असते. फिल्म दिव्याकडे तिरकी धरून ती कड बघा. तिथे तपकिरी, मंद चमकेची पट्टी असेल तर ती चुंबकीय, म्हणजे मोर्च्यातल्या घोषणा किंवा भाषण मुद्रित असण्याची शक्यता आहे. पट्टीतल्या लोहामुळे ॲसिटेटचं विघटन आणखी जलद होतं, त्यामुळे कॅसेटच्या आधी हा डबा द्या. स्कॅन करणाऱ्याला 'चुंबकीय ध्वनिपट्टी वाचणारं हेड आहे का' हे आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी फक्त चित्र स्कॅन होतं आणि आवाज पट्टीवरच राहून जातो.